दोन्ही फौजांना अटक करणारा पोलीस

चळवळीत चार दिवस काढलेल्या माणसाला कलम १०७ आणि १५१ शिकवावे लागत नाही. मोर्चाच्या आदल्या रात्री दारावर थाप पडते, 'साहेबांनी बोलावलंय' असा निरोप येतो आणि शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे म्हणून कार्यकर्ता ठाण्यातल्या बाकड्यावर जाऊन बसतो. शांतता कोणाची आणि भंग कोण करणार, हे विचारायची सोय नसते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि नागरिक सुरक्षा संहिता आली. १०७ चे १२६ झाले, १५१ चे १७० झाले. आकडे बदलले, दारावरची थाप तीच राहिली.

आता असे समजा की एक पोलीस अधिकारी हेच कलम घेऊन रणांगणावर गेला. समोरासमोर दोन देशांच्या फौजा उभ्या आहेत. तलवारी उपसलेल्या आहेत, निशाणे फडकत आहेत. आणि हा गृहस्थ मधोमध उभा राहून जाहीर करतो की, शांतताभंगाचा कट केल्याबद्दल तुम्हा सर्वांना अटक करण्यात येत आहे! राजपुत्रालाही, सरदारालाही, शिपायांनाही. आपल्याकडच्या कुठल्याही ठाण्यात ही फिर्याद कोणी नोंदवून घेणार नाही. पण एका इंग्रज विनोदी लेखकाने ती नोंदवली. त्याचे नाव टेरी प्रॅचेट आणि त्या कादंबरीचे नाव 'जिंगो'.

प्रॅचेट १९४८ साली इंग्लंडमध्ये जन्मला आणि १२ मार्च २०१५ रोजी वारला. कोवळ्या वयात एका स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार म्हणून लागला आणि तिथेच त्याला माणसे कळली. १९८३ ते २०१५ या काळात त्याने 'डिस्कवर्ल्ड' नावाच्या कल्पित जगावर ४१ कादंबऱ्या लिहिल्या. हे जग चपटे आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे आणि हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर उभे आहेत. आपल्या पुराणिकबुवांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की पुराणिकबुवा ते खरे म्हणून सांगतात आणि प्रॅचेट ते हसण्यासाठी सांगतो. १९९७ साली आलेली 'जिंगो' ही या मालेतली एकविसावी कादंबरी. चेटके, राक्षस, लांडगा होणारी बाई असा सगळा मसाला तिच्यात आहे. पण विषय मात्र अगदी आपल्या गल्लीतला आहे. शांत बसलेला समाज युद्धासाठी वेडा कसा होतो, आणि त्या वेडाला देशप्रेम हे नाव कोण देतो?

बेट कोणाचे?

अँख-मॉरपॉर्क हे मोठे, गलिच्छ, व्यापारी शहर. समुद्रापलीकडे क्लॅच हे साम्राज्य. मधल्या समुद्रातून एका रात्री अचानक लेश्प नावाचे बेट वर येते. तेव्हा तिथे दोन होड्या मासे पकडत असतात. एकीत अँख-मॉरपॉर्कचा मासेमार आणि त्याचा मुलगा, दुसरीत क्लॅचचा मासेमार आणि त्याचा मुलगा. ते बेट चिखल आणि शेवाळ यांनी माखलेले आहे. पण दोन्ही बाप ओरडतात की हे आमचे! आणि दोन्ही राजधान्यांत दरबार भरतो.

हे कादंबरीतच घडते असे कोणी समजू नये. जुलै १८३१ मध्ये सिसिलीच्या दक्षिणेला समुद्रातून ज्वालामुखीचे एक बेट असेच वर आले. ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन सेनहाउसने ऑगस्टमध्ये तिथे निशाण रोवले आणि आपल्या नौदलमंत्र्याच्या नावावरून त्याला ग्रॅहम म्हटले. सिसिलीच्या राजाने स्वतःच्या नावावरून त्याला फर्डिनांदेआ म्हटले. फ्रेंच भूशास्त्रज्ञ प्रेव्हो आला आणि जुलैचे म्हणून त्याला ज्युलिया म्हणाला. एका राखेच्या ढिगाला तीन राष्ट्रांची तीन नावे! लाटांनी मात्र कोणाचेच नाव मानले नाही. सहा महिने उलटायच्या आत ते बेट पाण्याखाली गेले.

आणि फार लांब सिसिलीला तरी कशाला जायचे? १९७० च्या चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात, हरियाभंगा नदीच्या मुखाशी, एक छोटे वाळूचे बेट दिसू लागले. आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्वाशा म्हटले, बांगलादेशने दक्षिण तालपट्टी म्हटले. माणूस तिथे राहत नव्हता. तरी १९८१ साली आपल्या नौदलाचे जहाज तिथे गेले, झेंडा लागला आणि दोन्हीकडची वर्तमानपत्रे तापली. २०१० साली जादवपूर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की बेट बुडाले आहे. ७ जुलै २०१४ रोजी लवादाने दोन्ही देशांतल्या सागरी सीमेचा निवाडा दिला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी सुमारे १९,४६७ चौरस किलोमीटर क्षेत्र बांगलादेशला मिळाले आणि जिथे ते बेट होते ती जागा आपल्याकडे आली. दोन्ही सरकारांनी निकाल मान्य केला. एक गोळी सुटली नाही. तीन दशकांचा राष्ट्रीय अपमान पाच माणसांच्या लवादाने कागदावर मिटवला. पण त्या दिवशी कोणी फटाके वाजवल्याचे किंवा मिरवणूक काढल्याचे कोणाला आठवते का? शांततेचा विजय साजरा करायची आपल्याला सवयच नाही.

उन्माद कसा शिजतो

'जिंगो' या शब्दालाही इतिहास आहे. १८७७-७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध चालू होते. ब्रिटनने त्यात उडी घ्यावी म्हणून लंडनच्या करमणूकगृहांत एक गाणे गाजले आणि त्या गाण्यातल्या शपथेचा शब्द होता 'जिंगो'. मार्च १८७८ मध्ये जॉर्ज होलिओक या सुधारकाने युद्धखोरांना तेच नाव चिकटवले आणि ते कायमचे चिकटले. म्हणजे युद्धखोरीचे नावच मुळी तमाशाच्या फडातून आले. पडदा सरकवून, दारू पीत, दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर मिशा पिळायच्या! आज करमणूकगृहाची जागा टीव्हीच्या स्टुडिओने घेतली आहे, एवढाच काय तो बदल.

प्रॅचेट हा उन्माद पायरीपायरीने दाखवतो. पहिली पायरी अज्ञानाची. सार्जंट कोलन आणि कॉर्पोरल नॉबी हे दोन सामान्य पोलीस गस्त घालताना गप्पा मारतात. क्लॅच कोलनने कधी पाहिलेले नाही, पण तिथल्या लोकांबद्दल त्याला सगळे ठाऊक आहे. ते भित्रे असतात. आणि पुढच्याच वाक्यात, ते भयंकर क्रूर लढवय्ये असतात. दोन्ही एकाच वेळी कसे, असे नॉबी भोळेपणाने विचारतो आणि कोलन चिडतो. शत्रू दुबळाही हवा आणि भयंकरही हवा. दुबळा, म्हणजे आपण जिंकणार. भयंकर, म्हणजे आपण घाबरून एकजूट व्हायचे. हे तर्कशास्त्र आपण शाखांपासून निवडणूक सभांपर्यंत ऐकले आहे.

दुसरी पायरी शेजाऱ्याची. शहरात गोरिफ नावाचा क्लॅची माणूस खानावळ चालवतो. त्याच्या हातचे खाऊनच शहराच्या रात्री जातात. त्याचा मुलगा याच शहरात वाढलेला. पण बेट वर आले आणि कालपर्यंत रांगेत उभी राहणारी गिऱ्हाइके त्याच्याकडे संशयाने बघू लागली. दुकानावर हल्ला होतो. क्लॅचच्या वकिलातीला आग लागते. क्लॅच हा एक देश नसून तिथे एकमेकांशी न पटणारे कितीतरी लोक आहेत, हे कोणाला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते. बेटाशी गोरिफचा संबंध काय? काही नाही. पण युद्ध सीमेवर पोचायच्या आधी ते गल्लीतल्या अल्पसंख्याकाच्या दारात पोचते. ही गोष्ट ज्यांच्या वस्त्यांवर चाल होऊन गेली आहे त्यांना कादंबरीतून कळायची गरज नाही.

तिसरी पायरी लाज लावण्याची. १९१४ साली अ‍ॅडमिरल फिट्झजेराल्ड या निवृत्त अधिकाऱ्याने इंग्लंडमध्ये टूम काढली की, सैन्यात न गेलेल्या तरुणांना बायकांनी भररस्त्यात पांढरे पीस द्यावे. पीस म्हणजे भित्रेपणाची खूण. 'जिंगो'त नॉबीला अशी पिसे मिळतात. त्याला अपमान होतच नाही. पिसे फुकट मिळताहेत म्हणून तो खूश! ज्याच्याजवळ गमवायला प्रतिष्ठाच ठेवली नाही त्याला प्रतिष्ठेच्या नावावर मरायला कसे पाठवणार?

कोण लढणार, कोण कमावणार?

या शहराला स्वतःची खडी फौज नाही. पण जुन्या कायद्याने सरदार-उमरावांना आपल्या खर्चाने पलटणी उभारायचा हक्क आहे. लॉर्ड रस्ट नावाचा उमराव लगेच पुढे येतो. त्याला युद्धातले काही कळत नाही, पण त्याच्या घराण्याला हुकूम देणे कळते. त्याच्या हिशेबात आपले किती मेले आणि शत्रूचे किती, एवढेच गणित असते. मेलेल्यांना नावे नसतात. शहराचे शस्त्र कारखानदार तर त्याहून हुशार. ते क्लॅचलाही माल विकतात. धंदा तो धंदा!

या सगळ्याच्या विरोधात उभा राहतो तो सॅम व्हाइम्स, शहर पोलिसांचा प्रमुख. झोपडपट्टीतल्या गरिबीत जन्मलेला, लग्नामुळे आणि बढतीमुळे 'सर' झालेला, पण उमरावांच्या बैठकीत कायम अवघडणारा माणूस. क्लॅचचा राजपुत्र खुफूरा शहरात मानद पदवी घ्यायला येतो आणि भर मिरवणुकीत त्याच्यावर बाण सुटतो. राजपुत्र जबर जखमी होतो. बाकी सगळ्यांच्या दृष्टीने हा युद्धाचा मुहूर्त. व्हाइम्सच्या दृष्टीने ही खुनाच्या प्रयत्नाची केस. पंचनामा झाला पाहिजे, साक्षी झाल्या पाहिजेत, आरोपी सापडला पाहिजे.

इथे प्रॅचेटने जे केले त्याकडे चळवळीतल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. घटनास्थळी क्लॅचकडे बोट दाखवणारे पुरावे इतके ढळढळीत असतात की व्हाइम्सला वाटते, हे आपल्याच माणसांनी क्लॅचला बदनाम करायला पेरलेले आहेत. तो शहरातल्या बड्यांवर संशय घेतो. पण शेवटी निघते ते वेगळेच. कट खुफूराच्या भावाचा, राजपुत्र कॅड्रमचाच असतो. त्याला युद्धासाठी निमित्त हवे होते. व्हाइम्सला हे सांगणारा '७१ तास अहमद' हा क्लॅचचा माणूस स्वतः पोलीस आहे. शहराच्या नजरेत तो लवंगा चावणारा, तलवार मिरवणारा रानटी. प्रत्यक्षात तो याच शहरात शिकलेला. लोकांना रानटी बघायचा असतो म्हणून तो रानटी दिसतो आणि त्याआडून आपले काम करतो.

व्हाइम्सची चूक काय झाली? आपण पूर्वग्रहदूषित नाही हे स्वतःला सिद्ध करण्याच्या नादात त्याने क्लॅचच्या लोकांना बदमाश होण्याचाही हक्क नाकारला. हा चिमटा फार खोल आहे. 'ते सगळे वाईट' म्हणणारा जसा माणूस बघत नाही, तसाच 'ते बिचारे' म्हणणाराही माणूस बघत नाही. दोघेही लेबल बघतात. आपल्यावर दया करणाऱ्या पुरोगाम्यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे समजवायला नको. समता म्हणजे समोरच्याला आपल्याइतकेच चांगले आणि आपल्याइतकेच वाईट असू शकणारा माणूस म्हणून मोजणे.

मेलेल्यांची यादी

कादंबरी हसवते, पण एका जागी ती हसू घशात अडकवते. व्हाइम्सच्या खिशात रोजची कामे सांगणारे एक जादूचे यंत्र असते. काळाच्या फाट्यावर व्हाइम्स एक निर्णय घेतो आणि आपल्या माणसांना घेऊन जहाजाने क्लॅचकडे निघतो. यंत्र मात्र चुकून दुसऱ्या फाट्यावर जाते, जिथे तो शहरातच राहिला. तिथे युद्ध होते, शत्रू शहरात शिरतो आणि खिशातले यंत्र त्याला वेळापत्रकासारखे सांगत राहते की अमुक वाजता तुझा अमुक शिपाई मेला, मग अमुक मेली. ज्यांच्याबरोबर आपण दोनशे-तीनशे पाने हसलो त्यांची नावे एकेक करून पुसली जातात. लॉर्ड रस्टच्या हिशेबात ज्यांना नाव नव्हते त्यांना इथे नाव मिळते. माझ्या मते संपूर्ण पुस्तकाचा मर्मबिंदू इथे आहे.

आणि म्हणून व्हाइम्स रणांगणावर दोन्ही फौजांना अटक करतो. एक माणूस मारला तर खून आणि हजार मारले तर पराक्रम, हे कायद्याचे कोणते तत्त्व? आपल्या दंडसंहितेत पाच माणसे एका बेकायदेशीर उद्देशाने जमली की बेकायदेशीर जमाव होतो. जुन्या संहितेत ते १४१ होते, न्याय संहितेत १८९ आहे. मग पन्नास हजार जमले आणि त्यांनी एकसारखे कपडे घातले की गुन्हा कुठे जातो? अटकेतल्या सैनिकांना व्हाइम्सचा साथीदार कॅरट चक्क फुटबॉल खेळायला लावतो. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवरचे ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले होते, त्याची ही आठवण.

पुढची कमाल शहराचा हुकूमशहा व्हेटिनरी करतो. तो पाणबुडीतून बेटाखाली जाऊन आलेला असतो. बेट पोकळ आहे आणि लवकरच बुडणार हे त्याला ठाऊक असते. तो शत्रूपुढे जाऊन शरणागती पत्करतो. बेट तुमचे, भरपाईही घ्या, फक्त तहावर सह्या बेटावरच करू! फौजा घरी जातात. स्वतःच्या शहरात मात्र तो देशद्रोही ठरतो आणि खुद्द व्हाइम्सला त्याला अटक करावी लागते. सह्यांचा दिवस येईपर्यंत बेट समुद्रात गडप. बेट नाही, तर तह नाही. तह नाही, तर द्रोह कसला? खटलाच कोसळतो. माणसे वाचवणारा देशद्रोही आणि माणसे मारायला निघालेला देशभक्त! हा शब्दकोश कोण छापतो, ते वाचकांनीच ओळखावे.

कायदा वरही चढतो का?

व्हाइम्सचा हा वेडेपणा अगदीच काल्पनिक नाही. २७ ऑगस्ट १९२८ च्या पॅरिस कराराने राष्ट्रांनी युद्ध हे धोरणाचे साधन म्हणून त्याज्य ठरवले. १९४६ साली न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने आक्रमक युद्ध छेडणे हा सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवून त्यासाठी माणसांना शिक्षा दिली. १७ जुलै २०१८ पासून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला आक्रमणाच्या गुन्ह्याची हद्द मिळाली. पण अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारतही त्या न्यायालयाचे सदस्य नाहीत. आपल्या संविधानाचे अनुच्छेद ५१ मात्र सांगते की राज्याने आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटावे आणि तंटे लवादाने मिटवण्यास उत्तेजन द्यावे. न्यू मूरच्या बाबतीत तसे झाले. म्हणजे ते अशक्य नाही!

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे दिले आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ उभा राहून म्हणतो, आधी चौकशी करा की आगळीक कोणी केली. आपल्या माणसांकडूनही ती झाली आहे. दोन माणसे आपण निवडू, दोन त्यांनी निवडावीत, चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले आणि त्याला घर सोडावे लागले. आधी तपास, मग बाकीचे, हे व्हाइम्सच्या हजारो वर्षे आधी आपल्या परंपरेत आहे. आणि युद्धाचा खर्च कोण सोसतो हेही बाबासाहेबांनी सांगून ठेवले. मंत्रिपदाच्या राजीनाम्यावरील १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. शाळा, विहिरी, दवाखाने यांच्या वाट्याला मग काय उरणार?

या कादंबरीत उणे नाही असे नाही. क्लॅच हे अरबस्तान, तुर्कस्तान, हिंदुस्थान यांची एकत्र केलेली खिचडी आहे. ज्या पूर्वग्रहांची टिंगल करायची त्याच पूर्वग्रहांतून लेखक कधी कधी विनोद काढतो. शेवटी शहाणपण शिकवायला एक दयाळू हुकूमशहा लागतो, हेही लोकशाहीवाद्याला खटकते. आणि पोलीस नायक! लाठी खाल्लेल्या आपल्या माणसाला हा नायक पचायला वेळ लागेल. त्यावर कोणी असेही विचारेल की, दुसऱ्याने खरेच आक्रमण केले तर काय वॉरंट घेऊन जायचे? नाही. स्वसंरक्षणाचा हक्क व्यक्तीला आहे तसा राष्ट्रालाही आहे आणि सीमेवर उभ्या असलेल्या आपल्याच घरांतल्या पोरांचा अपमान कोणी करू नये. पण आक्रमण झाले की नाही, कोणी केले, हे विचारणाऱ्याला आधीच देशद्रोही ठरवले जात असेल, तर ते संरक्षण नसून जिंगो आहे.

पोलिसाबद्दलची तक्रार मात्र मी थोडी मागे घेतो. कायदा खाली उतरताना आपण रोज पाहतो. तो पारधी वस्तीत उतरतो, झोपडपट्टीत उतरतो, मोर्चाच्या आदल्या रात्री कार्यकर्त्याच्या घरात उतरतो. व्हाइम्सने तोच कायदा खांद्यावर घेऊन जिना चढायचा प्रयत्न केला. शांतताभंगाचे कलम जर चहाच्या टपरीवर बसलेल्या पाच पोरांना लागते, तर ते युद्धाच्या ठरावावर सही करणाऱ्यालाही लागले पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे.

इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या तरुणांनी हे पुस्तक मिळवून वाचावे. हसावे. आणि पुढच्या वेळी टीव्हीवर कोणी बेटासाठी गळा काढू लागला की एकच प्रश्न विचारावा. साहेब, तुमचा मुलगा कोणत्या पलटणीत आहे?